आमची वाटचाल : एक कार्बोरेटर की दोन?

दक्षिण कॅलिफोर्नियातील आमचे छोटे वर्कशॉप पोर्शे 356 स्पीडस्टरच्या प्रतिकृती बांधते. मूळ गाडी न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहावरून 1954 मध्ये अमेरिकन बाजारात आली. आम्ही फोक्सवॅगन बीटलची चासी कापून तिचा 2,400 मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) 2,100 वर आणतो, त्यावर फायबरग्लासची बॉडी चढवतो आणि मागे बीटलचेच हवेवर थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन ठेवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कापण्या-जोडण्याच्या कामावर हात बसलेला असल्याने चासीचे काम आम्हाला लवकर साधले. ग्राहकाशी सर्वांत लांबलेली चर्चा मात्र आजवर कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावरच झाली आहे.

सुरुवातीच्या गाड्या आम्ही 1584 सीसीचे इंजिन आणि मधोमध एकच सोलेक्स 34 पिक्ट-3 कार्बोरेटर अशा बीटलच्या रचनेतच दिल्या. ही रचना साधी असून ती कोणत्याही मेकॅनिकला कळते. तिची खरी अडचण मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधून मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीत आहे. कार्बोरेटर मध्यभागी आणि सिलिंडर हेड दोन टोकांना असल्याने पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला लांबच्या नळीतून जावे लागते आणि नळी गार असली की पेट्रोल आतल्या भिंतीवर थेंबाथेंबाने जमते. म्हणूनच सायलेन्सरकडून गरम वायू आणणारी एक बारीक नळी मॅनिफोल्डला खालून चिकटून जाते. आमच्या काही ग्राहकांनी पुढे आवाजासाठी बाहेरून एक्झॉस्ट बदलून घेतला आणि त्यात ही नळी बंद झाली. किनाऱ्यावर सकाळी दमट धुके असताना अशी गाडी झटके मारू लागे, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) बंद पडे, आणि मागचे झाकण उघडले की कार्बोरेटरखाली मॅनिफोल्डवर पांढरे हिव साचलेले दिसे. उन्हाळा नुकताच सरला असताना इंजिनावर बर्फ पाहून मालक चकित होत. जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) बदलून हा दोष जात नाही, त्याला उष्णताच हवी. त्यामुळे एकच कार्बोरेटर मागणाऱ्याला आम्ही गरम नळी चालू असलेला एक्झॉस्ट आणि व्हॅक्यूमवर चालणारा डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरना ठिणगी वाटणारा भाग) सोबत घ्यायलाच लावतो.

दोन कार्बोरेटर घेण्यामागे बहुतेकांची भावना असते, कारण मूळ 356 ला दोनच होते, आणि ती भावना आम्हाला योग्यच वाटते. शिवाय प्रत्येक कार्बोरेटर आपापल्या हेडच्या अगदी वर बसत असल्याने मिश्रणाचा रस्ता आखूड होतो आणि पिकअपमधला फरक पहिल्याच चढावर कळतो. 1584 सीसीला आम्ही वेबर 34 आयसीटीची जोडी लावतो. 90.5 मिलिमीटरचे पिस्टन घालून 1776 सीसी केलेल्या इंजिनाला दोन घशांच्या 40 आयडीएफची जोडी लावतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र घसा मिळतो. इतक्या मोठ्या इंजिनावर मधला एकच छोटा कार्बोरेटर ठेवणे आम्हाला मान्य नाही, कारण वरच्या आरपीएमला त्याचा श्वास अपुरा पडतो.

मात्र जोडीची देखभाल नेमाने करावी लागते. आम्ही इंजिन पूर्ण गरम करतो, दोन्ही कार्बोरेटर एकत्र उघडणारा दांडा सोडवतो, हवामापक तोंडावर धरून आयडलला दोन्हींकडे जाणारी हवा सारखी करतो, मग दांडा जोडून वाढवलेल्या आरपीएमला पुन्हा तपासतो. गार इंजिनावर केलेले ट्युनिंग टिकत नाही, कारण तापल्यावर इंजिन रुंदीने फुगते आणि दोन्ही हेडमधले अंतर बदलल्याने दांड्याची ओढ बदलते. एका बाजूने जास्त उघडणारा थ्रॉटल (कार्बोरेटरमधली हवेची झडप) गाडीला आयडलला थरथरवतो. अनेकदा अशा वेळी जेटना हात लावला जातो आणि दोष दांड्यातच राहतो. मॅनिफोल्डचे गॅस्केट हवा खेचत असेल तर त्या बाजूचे मिश्रण पातळ होऊन व्हॉल्व्ह तापतो, म्हणून ते आधी पाहावे लागते.

ग्राहक गाडी रोज चालवणार की रविवारी, आणि जवळपास ट्युनिंग जाणणारा कोणी आहे का, हे विचारल्यावरच आम्ही ऑर्डर लिहितो. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला आम्ही एकच कार्बोरेटर सुचवतो, कारण तळाशी वाळलेल्या पेट्रोलने बुजणारे जेट तिथे निम्मेच असतात. कोणतीही रचना घेतली तरी जेटचे आकडे, पेट्रोलचा दाब आणि टायमिंग लिहिलेला कागद आम्ही गाडीच्या कागदपत्रांत ठेवतो, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला अंदाजाने स्क्रू फिरवावे लागत नाहीत.