मुन्नारला जाताय? कोलुक्कुमलैची जीप सूर्यनेल्लीतच ठरवा

मुन्नारला जाऊन कोलुक्कुमलै हा चहामळ्यांचा उंच डोंगर न पाहता परत येऊ नका, पण तिथली जीप मुन्नारमधून ठरवू नका. आमच्या नाशिकच्या ग्रुपकडून एका मध्यस्थाने "रस्ता चांगला आहे, आरामात पोहोचाल" असं सांगून माणशी पैसे घेतले. डोंगराखालच्या सूर्यनेल्ली गावाला पोहोचल्यावर त्याने आम्हाला दुसऱ्याच जीपमध्ये बसवलं. भाडं पूर्ण गाडीचं असतं, माणशी नसतं, हे आम्हाला तिथे स्टँडवर कळलं. सरळ तिथेच जीप केली असती तर निम्म्यात भागलं असतं. राग अजून गेलेला नाही.

आता रस्ता. सूर्यनेल्लीच्या पुढे चहाच्या मळ्यांतून नुसते दगड चढत जातात. जीप रांगत, आपटत, एकेका वळणावर मागे घेत वर जाते आणि हे तासाहून जास्त चालतं. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर निदान हातपाय आपल्या ताब्यात असतात, इथे काहीच नसतं. मागची बाकं आडवी असतात, डोकं छताच्या दांड्यावर आपटतं. मणक्याचा त्रास असेल त्याने जाऊच नये, गरोदर बाईने तर नाहीच. पहाटे पोटभर खाऊन निघू नका. विंडचीटर हवाच, वर वारा झोंबतो.

आणि वर पोहोचल्यावर? कळसूबाईच्या माथ्याहूनही उंचावर आपण उभे, पायाखाली तमिळनाडूच्या बाजूला ढगच ढग, त्यातून सूर्य वर येतो. कंबर ठणकत होती, तरी परत बोलावलं तर मी उद्याही जाईन. तिथला ब्रिटिशकालीन चहाचा कारखाना नक्की बघा. तिथे ऑर्थोडॉक्स चहा होतो, पानं वळून केलेला. तो आपल्यासारखा दूध-साखर घालून उकळलात तर पैसे वाया, कोराच प्या.

बाकीचं थोडक्यात. एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात वरयाडू, म्हणजे निलगिरी ताहर ही रानशेळी, अगदी रस्त्याच्या कडेला दिसली. पण तिथलं आनमुडी, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सर्वांत उंच शिखर, चढायला मिळेल या आशेने जाऊ नका. वनखात्याच्या बसने राजमलैपर्यंत जायचं, पुढे डांबरी रस्त्यावर थोडं चालायचं, संपलं. ताहरच्या विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान बंद असतं, तेव्हा तारखा बघूनच तिकीट काढा. बारा वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी २०१८ मध्ये फुलली होती, आता थेट २०३०.

टॉप स्टेशनला सकाळी लवकर जा, नंतर धुक्यात काही दिसत नाही. इथून एकेकाळी रोपवेने चहा खाली तमिळनाडूत उतरवत. मुन्नारहून इथवर येणारी छोटी रेल्वे १९२४ च्या महापुरात वाहून गेली. माट्टुपेट्टी धरण आणि इको पॉइंट वगळा. बोटिंग गंगापूर धरणावरही होतं, त्यासाठी केरळ गाठायची गरज नाही.

जायला नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट एर्नाकुळमला नेते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते आधी पाहा. एर्नाकुळमहून मुन्नार साधारण १३० किलोमीटर, त्यात बराच घाट. केरळची सरकारी बस स्वस्त आहे आणि नीट पोहोचवते. सूर्यनेल्लीत जीपवाल्याला आधी एवढंच विचारा: भाडं पूर्ण गाडीचं ना, आणि परतीचं त्यातच ना? दोन्हीला "हो" आल्याशिवाय बसू नका.