गीत पारंपरिक, आणि साथीदार

आकाशवाणीवर गाणं लागण्याआधी निवेदक जे चार शब्द बोलतो, ते मला कधीकधी गाण्यापेक्षाही आवडतात. गीत अमक्यांचं, संगीत तमक्यांचं आणि गायलंय... इथे बारीकसा थांबा. मग नाव. गाणं हजार वेळा वाजलेलं असो, नावं हजार वेळा घ्यायची. कवीचं नाव बहुतेकदा सगळ्यात आधी. लग्नपत्रिकेत मानाची नावं गाळली तर भाऊबंद रुसतात. इथे रुसायला कुणी नसतं, तरी एकही नाव गळत नाही, याचं मला कौतुक वाटतं.

याचा परिणाम असा की कवितेचं पुस्तक जन्मात विकत न घेतलेली माणसं गीतकार ओळखायला लागली. माझा मामा त्यातलाच. यावल तालुक्यात केळीची बाग. आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची, म्हणजे पाणी भरणंही रात्रीचंच. बांधावर ट्रान्झिस्टर ठेवायचा, जळगाव केंद्र लावायचं, ९६३ किलोहर्ट्झ, आणि हातात फावडं. हात चिखलात असल्यावर स्टेशन बदलणार कोण? मग जे लागेल ते ऐकायचं. त्यात शनिवारी रात्री दिल्लीहून संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम यायचा. हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झालेला. नामांकित गवई-वादक तासभर, दीड तास एकच मैफल रंगवायचे. मामाला रागातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक विलंबित ख्याल संपेस्तोवर किती सऱ्या भरून होतात, याचा त्याचा हिशोब पक्का होता. अमका बुवा फार सावकाश गातो, त्याच्या गाण्यात अर्धी बाग भिजते, असं तो कौतुकाने सांगायचा. मैफल संपली की तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, तानपुऱ्यावर कोण ही नावं यायची. तेवढ्यासाठी तो फावडं टेकवून उभा राहायचा. म्हणायचा, तानपुरेवाला बिचारा दीड तास एकच काम करतो, आपल्यासारखं. त्याचं नाव तरी नीट ऐकू.

हार्मोनियमवर कोण, हे मात्र रेडिओने बरीच वर्षं सांगितलंच नाही, कारण पेटीला तिथे दारच बंद होतं. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीचे सूर ठरीव, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यात निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, आणि वाद्यही परदेशी, असं तेव्हाच्या जाणकारांचं म्हणणं. तर्क चुकीचा नव्हता. पण त्या सगळ्या वर्षांत खानदेशातल्या गावोगावच्या भजनी मंडळांत एकादशीला पेटी वाजतच होती. आपण बंदी घातलेलं वाद्य वाजवतोय, याचा तिथे कुणाला पत्ता नव्हता, आणि असता तरी पेटीवाल्याने भाता थांबवला असता असं मला वाटत नाही.

नाव घेण्याची ही रीतही आयती आलेली नाही. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातल्या एका गाण्याची तबकडी निघाली, तिच्यावर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे पडद्यावरचं पात्र! तेव्हाचा रिवाजच तसा, पार्श्वगायकाचं नाव छापायची गरज कुणाला वाटायची नाही. गाणं रेडिओवर वाजायला लागलं आणि ऐकणाऱ्यांनी ही गाणारी कोण म्हणून विचारून विचारून रेडिओवाल्यांना भंडावलं. शेवटी त्यांनी कंपनीकडून नाव मागवलं आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर केलं. श्रोत्यांनी धोशा लावून मिळवलेली गोष्ट आहे ही.

लताबाईंचं आजोळ थाळनेर, शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं. आम्ही खानदेशी माणसं ही गोष्ट कुणी विचारो न विचारो सांगतोच, तशी ती इथेही सांगून घेतो. आजीकडून त्यांनी लहानपणी गरबे आणि लोकगीतं ऐकली. आता लताबाईंचं नाव जगाला ठाऊक, पण आजी जी गाणी म्हणायची ती कुणी रचली? रेडिओवर ती लागली असती तर निवेदक म्हणाला असता, गीत पारंपरिक. इथे त्याचा नाइलाज असतो, हे मला मान्य. कानबाई या आमच्या खानदेशी देवीची गाणी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हणायची गाणी, जात्यावरची गाणी, सगळी याच एका खात्यावर जमा होतात.

माझी मावशी एकदा रेडिओवर गायली. गावातल्या बायकांचा जथा आकाशवाणीने कानबाईच्या गाण्यांसाठी बोलावला होता. श्रावणात कानबाई बसते, रविवारी रात्रभर जागरण आणि गाणी, सोमवारी विसर्जन. रात्रभर गायची सवय असलेल्या बायकांना तिथे म्हणे सांगितलं, पंधरा मिनिटं. शिवाय बांगड्या काढून ठेवा, माईकमध्ये किणकिणतात. बांगड्या काढायच्या म्हटल्यावर सवाष्ण बायका अडून बसल्या. मग तोडगा निघाला: बांगड्या कोपरापर्यंत सारून वरून रुमाल बांधले. खोलीचं दार लागलं, लाल दिवा पेटला, आणि पहिल्याच ओळीला एकीला खोकला आला. असं दोनतीनदा झालं.

प्रसारणाच्या दिवशी आम्ही सगळे ओसरीवर रेडिओपुढे. निवेदिकेने मंडळाच्या प्रमुख बाईंचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाली, ‘आणि साथीदार’. बस्स. मावशी जरा थांबली, मग छातीवर बोट ठेवून म्हणाली, ‘त्या साथीदारस्मा मी शे!’ गाणं सुरू झालं तशी दर ओळीला सांगायला लागली, ‘ऐक, हाऊ मना आवाज.’ दहाबारा बायकांच्या गळ्यातून आम्हाला काही तो वेगळा काढता येईना. पण मान डोलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कधी वाटतं, बहिणाबाईसुद्धा थोडक्यात ‘पारंपरिक’मध्ये जायच्या राहिल्या. असोद्याच्या लेकीला लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, घरोट्यावर म्हणजे जात्यावर जे सुचेल ते म्हणायचं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या एका मावसभावाने ते वेळोवेळी टिपून ठेवलं. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, मग सोपानदेवांनी ती गाणी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. लेक कवी नसता तर? गाणी कदाचित राहिली असती, चार गावांत फिरली असती, रेडिओवरही लागली असती. नाव तेवढं गेलं असतं. आसपासच्या गावांतल्या आणखी किती बायकांचं असं झालं असेल, कुणास ठाऊक. सगळ्यांनाच कवी मुलगा होत नाही.

आता अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर बरे दिवस आलेत. लग्नात डीजेवर तीच वाजतात आणि सुटाबुटातले पाहुणेही नाचतात, मला ते आवडतं. व्हिडिओच्या सुरुवातीला नावांची रांगही असते: निर्माता, कॅमेरा, ड्रोन, मेकअप, विशेष आभार. तानपुरेवाल्याचं नाव ऐकायला थांबणाऱ्या मामाने ड्रोनवाल्याचंही वाचलं असतं. खटकतं ते एवढंच की पिढ्यान् पिढ्या म्हटलेल्या ओळींच्या खाली ‘गीतकार’ म्हणून कुणा पोराचं नाव बिनधास्त टाकलेलं असतं. त्यापेक्षा आकाशवाणीचं ‘पारंपरिक’ मला जास्त प्रामाणिक वाटतं. त्यात नाव मिळत नाही, पण निदान चोरलं तरी जात नाही.

असं एक गाणं मी मावशीला मोबाईलवर ऐकवलं. तिचंच, कानबाईचं, खाली ढोल-बीट लावलेलं. गीतकाराचं नाव वाचून दाखवलं, म्हटलं, बघ, हा म्हणतो गाणं त्याने लिहिलं. तिला राग येईल अशी माझी अपेक्षा. ती चहाचं पातेलं उतरवत म्हणाली, ‘लिखू दे त्याले नाव. पन दुसरं कडवं गाळी टाकं ना त्यानी!’ आणि चहा गाळता गाळता ते गाळलेलं कडवं तिने खड्या आवाजात म्हणून दाखवलं, पुढची दोनही म्हटली, आणि मोबाईल माझ्याकडे सरकवून विचारलं, याच्यात टाकता येतं का.