पानं गळल्यावर कार्बन परतच जातो ना?

ऑक्टोबर लागला की आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या घरी पाहुणे येतात, जंगलाचे रंग बघायला. लाल-पिवळ्या पाचोळ्यात घोट्यापर्यंत पाय बुडवून चालताना कुणी ना कुणी विचारतंच. गेल्या वर्षी भाच्यानं विचारलं, "मावशी, झाडांनी उन्हाळाभर हवेतून ओढलेला कार्बन असा खाली पडतो, कुजतो आणि परत हवेत जातो. मग या जंगलानं साठवलं काय?" तेव्हा घाईत काहीतरी बोलले. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पानांपुरतं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पण झाड पानांत कमावतं आणि खोडात, मुळांत ठेवतं. पानांत तयार झालेली साखर खाली उतरते आणि तिचं लाकूड होतं. सुक्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचं असतं. पान दरवर्षी गळतं, खोडात पडलेलं त्या वर्षाचं वलय तसंच राहतं.

हे मोजलंही गेलंय. इथल्या पीटरशॅम गावात हार्वर्ड फॉरेस्ट आहे, १९०७ पासूनचं विद्यापीठाचं संशोधनाचं जंगल. झाडं मुख्यतः रेड ओक आणि रेड मेपल. त्यांच्या शेंड्यांच्याही वर गेलेल्या मनोऱ्यावरची यंत्रं वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर कार्बन डायऑक्साइड खाली जातोय की वर येतोय, हे १९९१ पासून टिपत आहेत. उन्हाळ्यात दिवसा तो जंगलात जातो, रात्री बाहेर येतो. पानं गळली की दिवसरात्र बाहेरच येत राहतो. जे आत जातं त्यातलं बहुतेक असं परत येतं. तरीही पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी हेक्टरी १.४ ते २.८ टन कार्बन जंगलात मागे उरला.

एका वर्षी दुसऱ्या वर्षाच्या दुप्पट, असं का? पालवी लवकर फुटली की फायदा, पानं लवकर गळली की तोटा. मला मात्र बर्फाचं कारण कळलं तेव्हा फार नवल वाटलं. हिवाळ्यात जंगल झोपतं अशीच माझी समजूत होती. पण जाड बर्फ जमिनीवर गोधडीसारखा पसरतो, खालची माती फारशी गोठत नाही आणि तिच्यातले जिवाणू, बुरशी जानेवारीतही पाचोळा खात राहतात. बर्फ कमी पडला की माती कडक गोठते आणि त्यांचं काम मंदावतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला की मी एकदा तरी गुडघे टेकून पाचोळ्याचे थर बोटांनी उचलून बघते. वर ओकची पानं, चामड्यासारखी, अख्खी. त्याखाली भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी एकमेकांना चिकटलेली. मेपलचं पान मऊ, ते कधीच विरलेलं असतं; ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, म्हणून ते टिकतं. आणखी खाली नुसत्या शिरांची जाळी, तिच्यातून बुरशीचे पांढरे धागे, आणि मग काळी माती, जिच्यात पान कुठे संपलं ते सांगता येत नाही. मी चंद्रपूरकडची. आमच्याकडे साग पाण्याअभावी पानं टाकतो, आणि वणवा लागला तर तो सगळा पाचोळा एका दुपारी धूर होऊन जातो. इथे त्याच कामाला वर्षं लागतात, आणि त्यातला थोडा कार्बन मातीच्या कणांना असा चिकटतो की दशकानुदशकं, काही तर शतकानुशतकं सुटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. या जंगलात फिरताना मध्येच रचलेल्या दगडांचे बांध लागतात. भर जंगलात बांध कोण घालेल? ही कुरणं होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या भागातली अर्ध्याहून जास्त जमीन उघडी झालेली होती. मग शेतकरी पश्चिमेकडे गेले, गिरण्यांच्या गावी गेले. पडीक जमिनीवर आधी पाइन आला, तो तोडल्यावर ओक-मेपल वाढले, आणि १९३८च्या चक्रीवादळानं पुन्हा बरंच काही आडवं केलं. हार्वर्ड फॉरेस्टमधल्या फिशर संग्रहालयात हा सगळा काळ छोट्या देखाव्यांत मांडलाय. १८३०च्या देखाव्यात टेकड्या जवळजवळ बोडक्या आहेत. म्हणजे हे जंगल म्हातारं दिसत असलं तरी अजून वाढत्या वयातलं आहे, आणि कुऱ्हाडीनं हवेत घालवलेला कार्बन ते परत घेतंय. म्हणून जंगल किती कार्बन शोषतं असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, त्याचं वय काय आणि त्याआधी तिथे काय होतं.

मला काळजी आहे ती मातीची. हवामान तापलं तर मातीचं काय होईल हे बघायला याच जंगलात १९९१ पासून जमिनीत विजेच्या तारा पुरून मातीचे काही तुकडे भोवतालच्या मातीपेक्षा ५ अंश सेल्सिअसनं गरम ठेवलेत. २६ वर्षांनी हिशोब केला तेव्हा वरच्या ६० सेंटिमीटरमधला १७ टक्के कार्बन निघून गेलेला होता. तोही एकसारखा गेला नाही. काही वर्षं भराभर गेला, मग थांबल्यासारखा झाला, आणि पुन्हा सुरू झाला. हिवाळ्यात सगळं जंगल पांढरं असतं तेव्हा ते तुकडे लांबून ओळखू येतात. त्यांच्यावर बर्फ ठरत नाही. सरळ कडांचे तपकिरी चौकोन, वर ओला पाचोळा.