आधी रंग, मग नाव

18 जुलै, सकाळ

रात्रपाळी करून आले, पण डोळ्याला डोळा लागत नाहीये.

पहाटे साडेतीनला कपाळावर खोक पडलेला एक तरुण आला. सोबत आठ-दहा माणसं, आणि फोनवर कुणी 'साहेब'. डोक्याची जखम भळाभळा वाहते, बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. पण दाबून धरली की बहुतेकदा रक्त थांबतं. तेव्हाच बाकड्यावर एक शेतमजूर बाप पोराला मांडीवर घेऊन नंबर यायची वाट बघत होता. पोट दुखतंय, एवढंच म्हणाला. सिस्टरनी पोराला हाक मारली, तर त्याला पापण्या उचलवेनात. पावसाळ्याची रात्र, जमिनीवर अंथरूण, अंगावर खूण नाही. मण्यार! तिचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही आणि हळूहळू श्वासाचे स्नायू लुळे पडतात. लगेच आत घेतलं, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल सुरू केल्या, नळी घालायची तयारी ठेवली. बाहेर टेबलावर हात आपटणं आणि 'बघून घेतो' चालूच होतं.

मी निघाले तेव्हा पोरगं व्हेंटिलेटरवर होतं, पण बीपी चांगलं होतं. तो तरुण टाके घालून केव्हाच घरी गेला होता.

नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लॅरे हुद्दा न बघता ज्याची जखम गंभीर त्याला आधी हात लावायचा. त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. आपल्याकडे 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं बजावलं की आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. तरी एक फोन आला की आमची पावलं तिकडे वळतात. स्टाफच्या नातेवाइकांनाही आम्ही मागच्या दारानं आत घेतो. ओपीडीत एक वेळ चालून जाईल. कॅज्युअल्टीत मला ते अजिबात मान्य नाही, कारण तिथे कुणाला पुढे घेतलं की दुसऱ्या कुणाच्या तरी श्वासातली मिनिटं जातात. आणि तो दुसरा बहुधा गप्प बसलेला असतो.

केसपेपरवर नाव-गाव लिहिण्याआधी लाल (जिवाला धोका, लगेच आत), पिवळा (त्यानंतर लवकर) की हिरवा (थांबू शकतो) ते लिहायचं, हे मला हवंय. मग साहेबांचा फोन आला तरी सिस्टर ठामपणे सांगू शकेल, "तुमचा पेशंट हिरवा आहे, आत लाल आहे." अर्ज लिहून ठेवलाय. रात्रपाळीच्या सिस्टरही सही करणार आहेत. सोमवारी सुपरिटेंडेंट सरांकडे देणार.