अन्डू, पीस टेबल आणि पायमोडका 'क्'

मी लिहीत असलेल्या टेक्स्ट एडिटरमधला, मागील नोंदीपासून अडकून पडलेला अन्डूचा (केलेला बदल मागे घेण्याचा) प्रश्न अखेर सुटला, आणि तो कमांड पॅटर्नमध्ये (प्रत्येक बदल परत फिरवता येईल अशा 'कमांड' नावाच्या वस्तूत बांधण्याच्या रचनेत) फेरबदल करून नव्हे, तर युनिकोडचे, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या प्रमाणाचे, तक्ते बदलल्यामुळे सुटला.

लक्षण असे: इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकाने 'क्षमा' लिहून अन्डू करत गेले, की वाटेत पाय मोडलेला 'क्' पडद्यावर उरतो. प्रत्येक कळ ही स्वतंत्र कमांड असल्याने लगतच्या कमांड एकत्र बांधणे भाग होते. अनेक एडिटर हे काम घड्याळावर सोपवतात, म्हणजे हात थांबला की गट बंद. पण लिहिणारा नेमका हलन्तापाशी (अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हापाशी) विचारात पडला, तर जोडाक्षर मधोमध चिरले जाते. म्हणून गट बंद करण्याचा निर्णय मी पुढच्या कळेपर्यंत लांबवला. नवी कमांड आली, की तिच्या आणि आधीच्या मजकुराच्या सांध्यावर अक्षराची सीमा पडते का, हे पाहायचे. पडत नसेल, तर दोन्ही विलीन करायच्या.

तरीही 'क्' हटेना. अक्षरांच्या सीमा शोधायला वापरात असलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) युनिकोडच्या जुन्या नियमांनी चालत होती आणि त्या नियमांत हलन्तानंतर सीमा पडते. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम २०२३ मधील युनिकोड १५.१ मध्ये आला. नवे तक्ते बसवताच 'क्षमा'चे 'क्ष' आणि 'मा' असे दोनच भाग पडले. 'दुसऱ्या'मधील 'ऱ्या'सुद्धा एकसंध राहिला, याचे समाधान जरा जास्तच आहे. आपले तक्ते कोणत्या आवृत्तीचे, हे न सांगणाऱ्या लायब्ररीला माझ्याकडे यापुढे थारा नाही.

आता मजकूर साठवण्याकडे. माझा एडिटर तो पीस टेबलात ठेवतो: मूळ मजकूर आणि नवी भर असे दोन बफर (साठे), आणि त्यांतील तुकड्यांची, म्हणजे पीसांची, क्रमवार यादी. हे दोन्ही बफर कधीच खोडले जात नसल्याने कमांडला पुसलेला मजकूर साठवावा लागत नाही, जुने पीस लक्षात ठेवले की पुरते. 'सर्वत्र बदला'साठी अशा अनेक कमांडची मिळून एकच कमांड, म्हणजे कॉम्पोझिट रचना, करण्याचा बेत होता. मात्र हे लिहितानाच सुचले, की व्हीएस कोड या एडिटरने २०१८ मध्ये केले तसे पीस रेड-ब्लॅक वृक्षात (स्वतःचा तोल राखणाऱ्या वृक्षरचनेत) ठेवले आणि वर तो वृक्ष अपरिवर्तनीय केला, म्हणजे प्रत्येक बदलाला जुना वृक्ष न छेडता नवे मूळ तयार केले, तर जुने मूळ हेच आयते मेमेंटो (आधीच्या स्थितीची जपलेली प्रत) ठरते. मग उलट कमांड हव्यात कशाला? सीमेची तपासणी तेवढी तशीच राहील. शिवाय ओळी मोजणाऱ्या ऑब्झर्व्हरला (बदलांवर लक्ष ठेवणाऱ्या भागाला) प्रत्येक बदलागणिक अर्धवट मजकूर दिसणार नाही. मूळ बदलल्यावर त्याला एकदाच कळवता येईल. त्यामुळे कॉम्पोझिट बाजूला ठेवून आधी वृक्ष लिहायला घेत आहे.