बोटाला डोळे नाहीत

मंगळवार, रात्री पावणेबारा. इंदिरानगर, नाशिक.

जिंकत आलेला फोनवरचा बुद्धिबळाचा डाव आज घालवला. मला कोणी हरवलंच नाही. माझ्याकडे एक हत्ती जास्त होता, समोरच्याचा राजा कोपऱ्यात अडकला होता. मागची चाल परत बघावी म्हणून बाण दाबायला गेले आणि त्याच्या शेजारचा झेंडा दाबला गेला. झेंडा म्हणजे डाव सोडला. ‘नक्की ना?’ एवढंसुद्धा विचारलं नाही मेल्याने. नऊ गुण गेले.

तोंडातून पटकन निघालं, "वेंधळी कुठली!" आणि लगेच आई आठवल्या.

आई म्हणजे सासूबाई. वय ७१. येवल्याच्या धाकट्या बहिणीबरोबर, माईंबरोबर, रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की फोनवर ल्युडो. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात आल्या त्या चेहरा पांढरा करून. "अगं, माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं. बँकेतले गेले का गं?" बँकेतलं काही गेलं नव्हतं, खेळातली नाणी गेली होती. पण तेव्हापासून त्या फोनला शिवल्या नाहीत. "माझ्याच बोटाला डोळे नाहीत," म्हणाल्या.

मी तेव्हा "असू द्या हो आई" म्हणून पोळ्या लाटत राहिले. आज स्वतःचा डाव गेल्यावर मात्र त्यांचा फोन घेऊन बसले.

फासा टाकायची जागा उजवीकडे खाली. त्याला चिकटून जाहिरातीची पट्टी. ते एक वेळ ठीक. खरी गंमत डाव संपल्यावर. शेवटचा फासा पडला की क्षणात वर एक चौकट येते आणि तिचं ठसठशीत हिरवं बटण बरोबर फाशाच्या जागी उगवतं: ‘दुप्पट नाणी लावून पुन्हा खेळा’. बोट तर आधीच तिथे टेकलेलं. नको म्हणायचं असेल तर कोपऱ्यात राखाडी फुली. लेकाच्या कंपासपेटीतली पट्टी आणून मोजली. फुली ३ मिलिमीटर. माझा अंगठा १८. ज्वारीच्या दाण्यावर अख्खा अंगठा टेकवा, पण बाजूच्या दाण्याला धक्का लावू नका, असा हा हुकूम.

बरं, हे कुणाला माहीत नाही असंही नाही. अँड्रॉइडच्या नियमावलीत बोटाने दाबायच्या जागेला किमान ४८ डीपी (पडद्यावरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर सांगितलेत. ॲपलकडे त्यांच्या मापात ४४ पॉइंट. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार जाहीर केले. त्यात फुली दाबली की जाहिरात बंद होण्याऐवजी दुसरीच उघडते, हे उदाहरणच दिलंय. वाचून बरं वाटलं आणि रागही आला. माझ्या बुद्धिबळाच्या झेंड्यामागे आळस असेल. त्या हिरव्या बटणामागे आळस नाही, तिथे कुणीतरी डोकं लावलंय.

खालच्या मजल्यावरचे काका ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमानांच्या कारखान्यातून, निवृत्त झालेत. जेवणानंतर शतपावलीला भेटले, तेव्हा त्यांना झेंड्याचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते जिन्याच्या कठड्याला टेकून सुरूच झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं नीट उतरायची आणि मग धावपट्टीवर पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, वर घ्यायला जायचा आणि चाकंच आत घ्यायचा. सगळे म्हणायचे, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला जुळे. त्याने चाकांच्या खटक्याला रबरी चाक लावलं, फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारात चाचपलं तरी कळावं. "आजही विमानात चाकांच्या दांडीला चाकाच्याच आकाराची मूठ असते," काका म्हणाले आणि हवेतच मूठ वळवून दाखवली.

वर आले तर आई जाग्या होत्या. विमानाची गोष्ट त्यांना सांगितली. ऐकून घेतली, मग म्हणाल्या, "म्हणजे शिकल्यासवरल्या माणसांचंही होतं." चष्मा लावला आणि आठवड्याने पहिल्यांदा फोन मागितला.

मी माझ्या खेळाच्या सेटिंगमध्ये ‘डाव सोडण्याआधी विचारा’ शोधून चालू केलं. मुळात ते बंद का होतं देव जाणे. ल्युडोत असलं काही सापडलं नाही, म्हणून आईंनी स्वतःची सोय केली. प्रत्येक वेळी बोट उचलायचं, ‘विठ्ठल विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचं आणि मगच टेकवायचं.

आत्ता येवल्याहून माईंचा मेसेज आला: "झोपलीस का गं? तुझी पाळी आहे."