शिशाच्या थायोलेटमधली मोकळी बाजू

शिसे आणि गंधक म्हटले की गॅलिना, म्हणजे लेड सल्फाइडचे खनिज, आठवते. तिच्यात प्रत्येक शिशाभोवती सहा गंधक, सहाही २.९७ ॲंगस्ट्रॉमवर (ॲंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग), मिठाच्या स्फटिकासारखे. त्याच गंधकाला कार्बनची साखळी किंवा बेंझिनचे वलय जोडले, म्हणजे थायोलेट झाले, की ही सममिती बहुधा मोडते. गंधक एका अंगाला गोळा होतात, दुसरी बाजू मोकळी दिसते. तिथे शिशाची ६एस लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, असते. म्हणून रचना वाचताना आधी ही बाजू शोधावी, बंध नंतर मोजावेत.

बंधांची मोजणी इथे फार फसवी आहे. जवळचे गंधक २.६ ते २.८ ॲंगस्ट्रॉमवर असतात, पण ३.० ते ३.६ वर आणखी एकदोन दिसतात. शिसे-गंधकाच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसताना अणू किती जवळ येतात ते सांगणाऱ्या) बेरीज ३.८ च्या आसपास भरते, तेव्हा हे लांबचे स्पर्श सोडून चालत नाही. चित्र काढणारे सॉफ्टवेअर मात्र सहसंयुज त्रिज्या (पक्क्या बंधातल्या) पाहून त्यांच्यावर काट मारते आणि बहुवारिक, म्हणजे एकाला एक जोडत गेलेली, साखळी सुट्या रेणूंसारखी दिसते. बंध धरण्याची मर्यादा हाताने ३.८ करून पुन्हा पाहा.

बेंझिनच्या वलयाचे थायोलेट, म्हणजे लेड थायोफिनोलेट, करणे सोपे आहे. लेड ॲसिटेट ट्रायहायड्रेट ०.३७९ ग्रॅम पाणी-इथेनॉलात विरघळवा. द्रावण गढूळ झाले तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेट झाले आहे. ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब पुरतो. मग फ्यूमहूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) थायोफिनॉल ०.२२० ग्रॅम, इथेनॉलात, थेंबथेंब. पिवळा साका लगेच पडतो; सगळे संयुग मिळाले तर उतारा ०.४२६ ग्रॅम. वेगळा अल्कली लागत नाही, प्रोटॉन ॲसिटेटच घेतो. उगाच अल्कली घातला तर पांढरे हायड्रॉक्साइड मिसळते. थायोलेट जास्त झाले तर एका शिशावर तीन थायोलेटचा ॲनायन (ऋणभारित आयन) बनून साका पुन्हा विरघळू लागतो. फार तापवले तर काळे लेड सल्फाइड आणि डायफिनाइल सल्फाइड.

साका साध्या द्रावकात विरघळत नाही, कारण गंधक शिशांमध्ये पूल बांधतात. पिरिडीनसारखा दाता (धातूला इलेक्ट्रॉनांची जोडी देणारा) द्रावक हे पूल तोडतो, पण तो स्वतःच शिशाला चिकटून स्फटिकात येऊ शकतो. मग मिळालेली रचना मूळ संयुगाची नसते.

क्ष-किरणांसाठी स्फटिक ०.१ मिलिमीटरच्या आसपासचाच निवडा. शिसे किरण प्रचंड शोषते. शोषणाची दुरुस्ती नीट झाली नाही तर शिशापासून ॲंगस्ट्रॉमभरावर इलेक्ट्रॉन घनतेची मोठी शिखरे उरतात. त्यांना लोन पेअर समजू नका! लोन पेअर कोनांवरून ओळखायची. तीन थायोलेटच्या ॲनायनमध्ये गंधक-शिसे-गंधक कोन ९० अंशांच्या जवळपास असतात, म्हणजे बंधांत मुख्यतः ६पी कक्षक (इलेक्ट्रॉनांच्या जागा) आणि ६एस जोडी बरीचशी बाजूला; शिसे टोकाला आणि तीन गंधक पायाला असा पिरॅमिड होतो.

हाच पिरॅमिड शरीरातही बसतो. हीम (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) बनवण्याच्या वाटेवरच्या एएलएडी या विकरात (एन्झाइममध्ये) जस्ताला तीन सिस्टीन या अमिनो आम्लांचे गंधक आणि एक पाण्याचा रेणू धरून असतात. शिसे आले की तीन गंधक तेच राहतात, पाण्याला मात्र जागा उरत नाही, आणि विकराचे काम थांबते.